आजीला न वाचलेल्या ओळी

परवा रविवारी एरंडवण्यात एका मित्राकडे सहा-सातजण जमलो होतो. त्याने भिंतीवर प्रोजेक्टर लावून मोना हतूम या पॅलेस्टिनी वंशाच्या कलावतीचा ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’ दाखवला. १९८८ चा व्हिडिओ, जेमतेम पंधरा मिनिटांचा. लाईट लावल्या लावल्या एकजण म्हणाली, “अगं, हे तर आपल्या कोथरूडमधल्या घराघरातलं!” मुलगी लंडनला, आई मागे, मध्ये पत्रं. तिथं मला नीट बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

नाही हो, हे ते नाही. आपली मुलं व्हिसा काढून, औक्षण करून घेऊन गेली. हतूम १९७५ मध्ये बैरूतहून लंडनला थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली, मागे लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि परतायची वाटच बंद झाली. तिचे आईवडील पॅलेस्टिनी, १९४८ मध्ये हैफा सोडून बैरूतला आलेले. म्हणजे घर सुटण्याची ही त्या कुटुंबाची दुसरी खेप.

मग कुजबुज उघडेपणाची. पडद्यावर आई न्हाणीघरात, विवस्त्र, आणि तिच्यावर तिच्याच पत्रांतल्या अरबी ओळी, खिडकीच्या जाळीसारख्या. धड आई दिसत नाही, धड पत्र वाचता येत नाही. हे फोटो मुलीने १९८१ मध्ये बैरूतला गेली तेव्हा काढलेले. वडिलांना ते मुळीच रुचलं नव्हतं. फक्त त्यांच्या मालकीचं काहीतरी मी तुला देऊन टाकल्यासारखं ते अजून टोचून बोलतात, असं आई लिहिते. हे आलं तेव्हा आमच्यातले दोन पुरुष उगाच मोबाईल बघायला लागले.

मी अडकले ती आवाजात. मागे मायलेकी अरबीत हसतखिदळत बोलताहेत आणि त्यावर मुलगी आईची पत्रं इंग्रजीत वाचतेय, एका सुरात, चढउतार नाही. अरबी आपल्याला कळत नाही. मुलगी देईल तेवढंच पदरात.

१९७१ च्या डिसेंबरात आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात बाबांची पत्रं अशीच वाचली जायची. बाबा सैन्यात. उत्तराच्या पाकिटावर आई गावाचं नाव लिहीत नसे, नुसतं ५६ ए.पी.ओ., म्हणजे सैन्याच्या पोस्ट ऑफिसचा नंबर. आजीला दिसायचं नाही, म्हणून आई मोठ्याने वाचायची. मध्येच थांबायची, मग एकदम खालच्या ओळीवर. आजी विचारायची, “गाळलंस ना काहीतरी?” आई म्हणायची, “अक्षर लागत नाहीये.”

बाबांचं अक्षर छापल्यासारखं होतं.

हतूमने नेमकं तेच वाचलंय, जे आपल्याकडे गाळतात. आईचं शरीर, नवऱ्याचा हेवा, सगळं. लढाई मात्र पडद्यावर कुठेच दिसत नाही. शेवटच्या पत्रात आई सांगते, जवळचं पोस्ट ऑफिस कार बॉम्बने उडालं.

रात्री घरी आल्यावर आईला विचारलं. ती आता ८५ वर्षांची आहे. “बाबांच्या पत्रातलं काय गाळायचीस गं?”

टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, “तुला काय करायचंय?”