पंजातले कुसळ

डिसेंबरात मेलबर्नमध्ये सूर्य सहाच्या आत उगवतो आणि रात्री पावणेनऊपर्यंत मावळत नाही, त्यामुळे आमचा दिवस कुत्र्यांच्या सोयीने दोन्ही टोकांना बांधला गेला आहे. माझे पती आणि मी, दोघेही निवृत्त, साडेपाचला मैना आणि बंड्या यांना घेऊन बाहेर पडतो आणि आठच्या आत परततो, कारण पारा चाळिशीकडे निघाला की डांबरी रस्ता तव्यासारखा तापतो. पालथा हात रस्त्यावर पाच सेकंद टेकवून पाहायचा, आणि तो टेकवत नसेल तर कुत्र्यालाही तेथून न्यायचे नाही, हा येथे सर्वांना माहीत असलेला नियम आहे. संध्याकाळी आठला आम्ही पुन्हा निघतो, तेव्हा घरोघरी नाताळचे दिवे लागलेले असतात, पण आकाशात चांगला उजेड असल्याने ते फिकेच दिसतात.

मैना ही शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड आहे. तिच्या कानाच्या आतल्या बाजूला गोंदलेली अक्षरे आहेत. पळवण्यासाठी जन्माला घातलेल्या कुत्र्याची ती ओळख. बंड्या हा केल्पी या मेंढ्या राखणाऱ्या जातीच्या संकरातला, बारा वर्षांचा, आणि तो आम्हाला नगरपालिकेच्या कोंडवाड्यातून मिळाला. या दोघांचा पूर्वेतिहास मुद्दाम सांगते, कारण पुढचे म्हणणे त्यावरच उभे आहे.

गेल्या रविवारी पुण्याहून दादाचा फोन आला. कोथरूडमधल्या त्याच्या सोसायटीत दोन तट पडले आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका फाटकापाशी सात भटक्या कुत्र्यांना दूधभात घालतात, आणि मागच्या महिन्यात सायकलींच्या जागेजवळ एका आठ वर्षांच्या मुलाला कुत्रे चावले. मुलाने सगळी इंजेक्शने घेतली आणि तो बरा आहे, पण जानेवारीतल्या सर्वसाधारण सभेत बाईंविरुद्ध ठराव येणार आहे. दादा म्हणाला, "अगं, तुमच्याकडे रस्त्यावर एक कुत्रं दिसत नाही म्हणतेस, मग आपल्याकडेच हे का जमत नाही?" फोन ठेवण्याआधी त्याने असेही सांगितले की, बाईंच्या बाजूचे लोकही परदेशाचाच दाखला देतात: तिकडे कुत्र्यांवर बघा किती माया करतात.

दोन्ही दाखले खरे आहेत, आणि दोन्ही अर्धे आहेत. हे वर्ष या वादाचेच गेले. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली परिसरातली सर्व भटकी कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला आणि नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली किंवा आक्रमक नसतील तर, पकडलेल्या जागीच परत सोडावीत असे सांगितले. 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके आणि क्रीडासंकुले यांच्या आवारातून ती हटवण्याचा आणि तेथे परत न सोडण्याचा आदेश आला. प्रत्येक आदेशानंतर आमच्या नात्यागोत्यातले निम्मे लोक आनंदले आणि निम्मे दुखावले, आणि मला परदेशातली बाई म्हणून पंच नेमण्यात आले.

पंच म्हणून मला जे दिसते ते असे. आमच्या रस्त्यावर एकही बेवारशी कुत्रे नाही, याचे कारण येथल्या माणसांचे मन पुण्याच्या माणसांपेक्षा मोठे आहे हे नाही. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात तीन महिन्यांवरचे प्रत्येक कुत्रे नगरपालिकेत नोंदवावे लागते, त्याच्या कातडीखाली ओळख-क्रमांकाची मायक्रोचिप बसवावी लागते, आणि दर वर्षी 10 एप्रिलपर्यंत शुल्क भरून नोंदणी ताजी करावी लागते. नसबंदी केली असेल तर शुल्क कमी, निवृत्तिवेतनधारकांना आणखी सवलत. कुत्रे मोकाट सापडले तर चिपवरून मालकाला फोन येतो आणि दंडही होतो. पिल्ले पैदा करणाऱ्यांवर बंधने आहेत, आणि 2018 पासून दुकानांत फक्त कोंडवाड्यातली किंवा निवारागृहांतली कुत्रीच विकता येतात. कचऱ्याचे डबे झाकणाचे असतात आणि ठरल्या दिवशी उचलले जातात, त्यामुळे रस्त्यावर कुत्र्याला खायला काही उरतच नाही. पुण्यात कुत्र्यांना बाईंचा दूधभात पोसत नाही. कोपऱ्यावरचा ओसंडणारा कचरा आणि मांसाच्या दुकानांमागचा टाकाऊ माल पोसतो. बाईंना ठरावाने थांबवता येईल, कचऱ्याला कोणता ठराव थांबवणार?

आता या व्यवस्थेचा दुसरा भाग, जो आमच्याकडच्या निवृत्त मंडळींच्या कौतुकात कधी येत नाही. कोंडवाड्यात आलेल्या कुत्र्याला मालकाची वाट पाहण्यासाठी कायद्याने आठ दिवस मिळतात. त्यानंतर त्याला नवे घर शोधले जाते, आणि ते मिळाले नाही किंवा त्याचा स्वभाव ठीक वाटला नाही, तर त्याला इंजेक्शन देऊन मारले जाते. बंड्या वाचला, कारण आम्ही त्या आठवड्यात गेलो. मैनेचेही तसेच, शर्यतीतून बाहेर पडल्यावर तिला घर मिळाले म्हणून ती वाचली. 2016 मध्ये शेजारच्या न्यू साउथ वेल्स सरकारने कुत्र्यांच्या शर्यतींवर बंदी जाहीर केली आणि काही महिन्यांतच ती मागे घेतली. मेलबर्नमध्ये आजही शर्यती होतात. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवण्याआधी मला हे मुसळ सांगणे भाग आहे.

रेबीजचा प्रश्न तर मुळातच वेगळा आहे. ऑस्ट्रेलियात कुत्र्यांमधला रेबीज नाही, आणि तो येऊ नये म्हणून भारतातून कुत्रे थेट आणताच येत नाही. आधी मान्यताप्राप्त तिसऱ्या देशात निदान 180 दिवस ठेवावे लागते, मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथे विलगीकरण. त्यामुळे येथे चावा म्हणजे जखम असते. पुण्यात चाव्यासोबत मरणाची भीती येते, कारण लक्षणे दिसू लागली की रेबीजमधून जवळजवळ कोणीच वाचत नाही. त्या आठ वर्षांच्या मुलाच्या आईला "माया करा" असे सांगण्याचा अधिकार, रेबीज नसलेल्या देशात राहून, मला नाही.

नाताळच्या आधीचे दोन आठवडे आमच्या घरी गडबडीचे असतात. शेजारी सुटीला समुद्राकडे निघतात, पण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसा कुत्र्यांना बंदी असते आणि कुत्री ठेवण्याची पाळणाघरे कधीच भरलेली असतात, म्हणून ती आमच्याकडे येतात. या वर्षी समोरच्यांचा स्पॅनियल जातीचा कुत्रा आला आहे. त्याच्यासोबत एक कागद आला: जेवणाच्या वेळा, औषध, डॉक्टरांचा दूरध्वनी, चिपचा क्रमांक, कशाला घाबरतो, कोणाला बोलवायचे. शेवटी ठळक अक्षरांत खाण्यात काय यायला नको ते लिहिले आहे: मनुका घातलेले पुडिंग, चॉकलेट, कांदा, हॅमचे शिजलेले हाड. त्याखाली मी आंब्याची कोय जोडली. येथे क्वीन्सलंडच्या आंब्यांच्या पेट्या ऐन डिसेंबरात येतात, आणि कोय गिळली तर आतड्यात अडकते.

काल संध्याकाळी बंड्या लंगडत आला. या दिवसांत गवत वाळून त्याची कुसळे सुटतात आणि कुत्र्यांच्या बोटांमध्ये शिरतात. वेळेत काढली नाहीत तर कातडीखालून पुढे सरकत जातात. ह्यांनी विजेरी धरली, मी वाचायचा चष्मा लावला आणि ओट्याजवळच्या लादीवर बसले. बोटांमधले केस ओले करून बाजूला सारले तेव्हा मुगाएवढी लाल गाठ दिसली आणि तिच्या मधोमध एक पिवळट टोक. चिमट्याने ते हळूहळू ओढले. बाहेर आलेले कुसळ दीड सेंटिमीटरचे होते, आणि त्यावरचे बारीक काटे एकाच दिशेने झुकलेले, म्हणजे आत जायला मोकळे आणि परतायला नाही. बंड्याने पूर्ण वेळ डोके ह्यांच्या मांडीवर ठेवले होते.

हे करताना मला त्या शिक्षिका आठवल्या. त्यांच्या दूधभाताकडे तूप घेऊन कुत्र्यामागे धावणाऱ्या नामदेवांचा वारसा म्हणून पाहणारे आहेत, आणि उपद्रव म्हणून पाहणारेही. मला त्या माझ्यासारख्याच वाटतात. निवृत्तीनंतर सकाळी उठायला एक कारण लागते, आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या ओळखी मला कुत्र्यांमुळे मिळाल्या आहेत. फरक इतकाच, की माझ्या मायेची नोंद नगरपालिकेत आहे आणि मैना कोणाला चावली तर कोणाला विचारायचे हे सर्वांना ठाऊक आहे. बाईंच्या मायेला असे नाव-गाव आपण दिलेच नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत त्याची सोय आहे: खाऊ घालण्याची जागा आणि वेळ रहिवासी संघाने ठरवायची, जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर. दादाच्या सोसायटीत हा नियम कोणी वाचलेला नाही.

आणि जमते हे पाहायला मेलबर्नला यावे लागत नाही, गोव्याला जावे. 2014 पासून तेथे मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी गावोगाव जाऊन, जाळीने कुत्री पकडून, लस टोचून, रंगाची खूण करून ती जागीच सोडली आणि शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागावे ते शिकवले. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दर वर्षी लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे तत्त्व. 2018 पासून पुढची काही वर्षे गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही, आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्री रस्त्यावरच होती. कोणाला मारावे लागले नाही आणि कोणाला कोंडावे लागले नाही. पुण्याला येथला कोंडवाडा उचलून नेण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे.

आज सकाळी दादाला पुन्हा फोन केला. ठरावाच्या आधी बाईंकडे जाऊन बस, असे मी म्हटले. त्या सात कुत्र्यांपैकी कोणाची नसबंदी झाली आहे, कोणाला लस कधी दिली, हे सोसायटीत त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसणार. त्याला ते पटले की नाही, कळले नाही. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "त्या शेजाऱ्यांनी दिलेला कागद म्हणतेस, तो कसा असतो ते पाठव बघू." स्पॅनियलचा कागद फ्रिजवर लावला होता, त्याचा फोटो काढून पाठवला. आंब्याच्या कोयीची ओळ मराठीतच होती.