भामट्यांना सहकार्य करा

दादरला कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी हुज्जत घालायची आणि घरी येऊन अनोळखी माणसाला खात्याची किल्ली काढून द्यायची, ही आपली मुंबईकरांची रीत. ती मोडू नये म्हणून या सूचना.

'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल' असा मेसेज कुणाच्या साध्या मोबाइल नंबरवरून आला की ताबडतोब घाबरा. वीज कंपनीचा साहेब रात्री साडेनऊला कामावर असतो, यावर श्रद्धा ठेवा.

जुन्या सोफ्याचं गिऱ्हाईक म्हणालं, 'पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका,' तर टाका. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही, हे कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही ठाऊक आहे. पण पानवाल्याला काय कळतंय!

व्हिडिओ कॉलवर खाकीतला साहेब दिसला आणि 'तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात' म्हणाला, की दार लावून कॅमेऱ्यासमोर बसा. अशी अटक कायद्यातच नाही, असं ऑक्टोबर 2024 मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं, तिकडे दुर्लक्ष करा. मोबाइल हरवल्याची तक्रार घेऊन गेलात तर तुम्हाला कुणी 'बसा' तरी म्हणतं का? हा साहेब अख्खा दिवस देतोय.

आता एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकांच्या नंबरवरून 'आरटीओ चलान डॉट एपीके' अशी फाइल आली. काकांकडे साधी सायकल नाही. तरी लोकांनी उघडली! अहो, चलान बघायला अ‍ॅप कशाला इन्स्टॉल करावं लागेल? चलान किंवा लग्नाची पत्रिका कधी 'तुमचे एसएमएस वाचू का?' असं विचारते का? ही फाइल विचारते, आणि तुम्ही 'अलाऊ' दाबून मोकळे. मग बँकेचा ओटीपी तुमच्याआधी तो भामटा वाचतो, आणि तुमच्याच नावाने तीच फाइल तुमच्या मेहुण्याला, व्याह्यांना, दूधवाल्याला जाते. मी ग्रुपवर लिहिलं, 'कुणीही उघडू नका.' त्यावर गुलाबाचं फूल, सुप्रभात, एक गणपती आणि 'आज पाणी उशिरा' एवढं येऊन पडलं, माझा मेसेज गेला वाहून. संध्याकाळी सेक्रेटरीसाहेबांनी 'सावध राहा' लिहून तीच फाइल पुन्हा फॉरवर्ड केली. फाइलसकट!

काकांचे पैसे आदल्या रात्रीच गेले होते, हे नंतर कळलं. ते बोलले नाहीत, कारण मुलगा ओरडेल. मुलगा ओरडलाच. 'बाबा, एवढीही अक्कल नाही?' सगळा जिना ऐकत होता.

अरे, बापाची अक्कल नंतर काढ! 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केलास का? पैसे या खात्यातून त्या खात्यात, तिथून पुढे असे पळवतात. लवकर कळवलं तर वाटेत गोठवता येतात, रात्र गेली की हात चोळत बसायचं. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलंय, ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणजे तुझ्या धाकाने बाबा गप्प बसले ती रात्र त्यांच्याच खिशातून गेली. ही सगळी भामटेगिरी तुमच्या या ओरडण्यावरच पोसली जाते. माणूस लुटला गेला की आधी त्याला हसायचं, मग ग्रुपवर त्याचे किस्से सांगायचे, आणि वर विचारायचं, 'आधी का नाही सांगितलं?' लाज वाटू द्या जरा.

बाबांचा फोन फ्लाइट मोडवर टाका, आपल्या फोनवरून 1930 लावा, बँकेला कळवून खातं थांबवा, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार नोंदवा. मग काय ते भांडा. आणि सेक्रेटरीसाहेब, ती फाइल अजून ग्रुपवर आहे. काढा आधी.