बिल आलं!

परवा रात्री आबांचा फोन आला. पाऊसपाणी, म्हशीचं दुखणं, शेजारच्यांचं लग्न असं सगळं झाल्यावर सहज म्हणाले, "बिल आलं बघ." मी म्हटलं, "आलं का? झालं बाबा एकदाचं." फोन ठेवला तर बायको काळजीने माझ्याकडे बघत होती. "कसलं बिल? केवढं भरायचंय?"

ती कोथरूडची. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी हा एक शब्द आमच्यात अजून अडकतो. तिच्या माहेरी बिल आलं की पाकिटातून पैसे जायचे. लाइटचं, फोनचं, दुधाचं. आमच्याकडे, म्हणजे कोल्हापूर भागात, बिल आलं की पैसे यायचे. उसाचं बिल, दुधाचं बिल. माझी शाळेची फी, बहिणीच्या लग्नातला बस्ता, घरावरचा पत्रा, सगळं "बिल आल्यावर बघू" या एका वाक्यावर तरलेलं. लहानपणी मला खरंच वाटायचं की बिल हा पैशांचाच एक प्रकार आहे.

शब्द इंग्रजी, पण आपण त्याला चांगलाच राबवून घेतलाय. डॉक्टर बिल लावतो, ठेकेदार बिल काढतो, साहेब ते पास करतो. ऑफिसात चूक एकाची असते आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलं जातं. पावतीही फाडतातच, पण ती ट्रॅफिक पोलीस नाहीतर गणपती मंडळवाले. फरशीच्या दुकानात मालक हळूच विचारतो, "बिल पाहिजे का?" या प्रश्नाचा खरा अर्थ "अठरा टक्के जास्त देणार का?" असा आहे, हे सगळ्यांना कळतं. कच्चं आणि पक्कं हे शब्द आंब्याला लागायचे ते आपण बिलाला लावले.

सरकारी मराठीत बिलाला देयक म्हणतात. वीजबिलावर छापलेलं असतं बघा. देयक म्हणजे द्यायची रक्कम. ठेकेदारांची 'देयके प्रलंबित' अशी बातमी येते, तेव्हाही शब्द देणाऱ्याच्याच बाजूने बोलत असतो. मूळ लॅटिन शब्द 'बुला', म्हणजे कागदावरचा शिक्का. तो ज्याच्या हातात, कागद त्याचा. (विधिमंडळातलं बिलही याच घराण्यातलं. त्याला आपण इमानदारीत विधेयक म्हणतो, एक सोडून. हिंदू कोड बिल. ते रखडलं म्हणून बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडलं, पुढे 1955-56 मध्ये त्याचे चार वेगळे कायदे झाले, पण महाराष्ट्रात कोणीही त्याला 'हिंदू संहिता विधेयक' म्हणत नाही. बिलच म्हणतात.)

बायकोला समजावता समजावता माझ्याच डोक्यात एक गोष्ट उशिरा शिरली. येणं-जाणं सोडा, बिल करतं कोण? किराणावाला स्वतः करतो. सोनार करतो. नळ दुरुस्त करणारासुद्धा माझ्याच पेपरच्या कोपऱ्यावर आकडे मांडून देतो. म्हणजे माल किंवा काम ज्याचं, बिल त्याचं. उसाचं बिल मात्र आबा करत नाहीत. ते कारखाना करतो. विकणारा आबा, आणि बिल लिहिणारा घेणारा!

आता ते बिल कसं तयार होतं बघा. ऊस आमच्या फडातला, वजन त्यांच्या काट्यावर. किमान भाव केंद्र सरकार ठरवतं, तो उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर. 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 340 रुपये, म्हणजे टनाला 3400. पण हा उतारा आमच्या फडाचा नसतो, अख्ख्या कारखान्याचा सरासरी असतो आणि तो कारखान्याच्याच प्रयोगशाळेत निघतो. मग त्यातून तोडणी-वाहतूक वजा. मग सोसायटीचं पीककर्ज वजा. (इथेही बायकोचा गोंधळ झाला होता. पुण्यात सोसायटी बिल पाठवते, गावाकडे सोसायटी बिलातून कापून घेते.) उरेल ते खात्यावर. आबांच्या हातात पडतो तो नुसता निकाल.

दुधाचंही तेच. दर दहा दिवसांनी बिल. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून दर, त्याखाली गेलं की पॉइंटवर कपात. मशीन डेअरीचं. आई म्हणायची, "गाय तीच, वैरण तीच, फॅट मात्र लागंना." कोणाला विचारणार?

कांद्याला तर बिल हा मानाचा शब्दही नाही, तिथे 'पट्टी' मिळते. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा घातला. भाव किलोला 1 रुपया. हमाली, तोलाई, वाहतूक असं मिळून 509 रुपये 51 पैसे वजा. उरले 2 रुपये 49 पैसे. हातात आला 2 रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. देशभर चर्चा झाली, लोक हसले, हळहळले. मला त्या पट्टीतलं खटकलं ते हे की एवढ्या ओळी लिहिल्या गेल्या आणि त्यातली एकही माल पिकवणाऱ्याने लिहिलेली नव्हती. त्याने लिहिली असती तर बियाणं, खुरपणी आणि काढणीपासून सुरुवात झाली असती.

'थकणे' हा शब्दसुद्धा असाच दोन तोंडांचा. शहरात बिल थकलं तर लाइट कापतात. गावाकडे बिल थकतं ते कारखान्याकडे. त्यासाठी 1966 चा ऊस नियंत्रण आदेश आहे. त्यानुसार कारखान्याने 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर 15 टक्के व्याज. ते व्याज आपणहून मिळालेला माणूस माझ्या पाहण्यात तरी नाही. व्याज राहू दे, मुद्दल मिळावं म्हणून रस्त्यावर बसावं लागतं. एका बिलाला मुदत आहे आणि दुसऱ्याला आंदोलन.

विदर्भातले मित्र बिल म्हणत नाहीत. कापसाचा, धानाचा 'चुकारा' म्हणतात. मला तो शब्द जास्त आवडतो. चुकता करायचा तो चुकारा, कोणी कोणाला द्यायचंय याबद्दल शंका नाही. आता तो ऐकताना 'चुकवणारा' आठवतो, तो भाग वेगळा. तुमच्या भागात याला काय म्हणतात, सांगा.

मागच्या दिवाळीत आबा पुण्याला आले होते. जेवायला बाहेर गेलो. वेटरने बडीशेपेबरोबर बिल आणून ठेवलं. मी कार्ड काढणार तेवढ्यात आबांनी कागद ओढला, चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायला लागले. मला जरा लाजच वाटली. आजूबाजूचे बघत होते. "भाकरी सहा लावल्यात, आपण चार खाल्ल्या." वेटर गेला, काउंटरवरचा मुलगा "सॉरी काका" म्हणत आला, दोन मिनिटांत नवीन बिल छापून दिलं.

गाडीत बसेपर्यंत आबा गप्प होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हितं बोट ठेवलं की बदलतंय व्हय?"