शकुनाचा डाग आणि कहून बाई

आधी नावाचं सांगते, कारण मी नावापाशीच अडकले होते. आयथेल कहून, इंग्लंडची एक सर्रियलिस्ट चित्रकार. इंग्रजी स्पेलिंग बघून मी महिनाभर मनातल्या मनात 'कोलकुहून' की काय ते म्हणत होते, मग एका व्हिडिओत खरा उच्चार ऐकला आणि एकटीच खो खो हसत सुटले. मी अमरावतीची. आमच्याकडे 'का?' असं कोणी विचारत नाही, 'काहून?' विचारतात. तर ही बाई माझ्यासाठी त्या दिवसापासून आयथेल का-बाई.

जन्म शिलाँगचा, 1906. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. पण लगेच 'आपली शिलाँगची पोरगी' म्हणून फॉरवर्ड करू नका प्लीज, ती अगदी लहानपणीच इंग्लंडला गेली आणि वाढली तिकडेच. लंडनच्या स्लेड या कला शाळेत शिकली, 1929 ला तिथलं बक्षीस मिळालं, चित्राचा विषय काय तर शत्रूचा सेनापती होलोफर्नेसचं कापलेलं मुंडकं लोकांना दाखवणारी ज्युडिथ, जुन्या धर्मकथेतली. वय 22-23. म्हणजे सुरुवातीपासूनच बाईंचा रोख कळत होता.

मी पहिल्यांदा तिचं 'स्किला' पाहिलं, 1938 चं, टेट म्युझियममध्ये आहे. फोनवर. समुद्रातून वर आलेले दोन गुलाबीसर खडक, मधून चिंचोळं पाणी, समोरून एका होडीचं टोक येतंय, खाली काहीतरी शेवाळ. बरं आहे म्हणून स्क्रोल करून पुढे गेले. मग काहीतरी खटकलं म्हणून परत आले. ते खडक नाहीयेत हो! बाथटबमध्ये पडून आपल्याच शरीराकडे बघताना जे दिसतं ते आहे, दोन मांड्या, गुडघे, आणि ते शेवाळ म्हणजे काय ते तुमचं तुम्ही ओळखा. हे मी अर्थ काढत नाहीये, तिनं स्वतःच सांगून ठेवलंय. होमरच्या गोष्टीत स्किला म्हणजे खलाशांना गिळणारी राक्षसीण. बाकीचे सर्रियलिस्ट पुरुष (सर्रियलिस्ट म्हणजे स्वप्नं आणि मनातलं खोलवरचं रंगवणारे) तेव्हा बाईचं शरीर बाहेरून बघून त्याचे तुकडे करत बसले होते, डोकं नाही, हात नाही, नुसतं धड. आणि ही टबात पडल्या पडल्या आतून बघतेय आणि होडीवाल्याला म्हणतेय, ये, बघू कसा जातोस पलीकडे.

1939 ला ती ब्रिटिश सर्रियलिस्ट ग्रुपमध्ये आली आणि 1940 ला बाहेर. एक वर्ष फक्त! ग्रुपचे म्होरके होते ई. एल. टी. मेसेन्स, त्यांनी अटी घातल्या की ग्रुप सोडून दुसऱ्या कुठल्याही संघटनेत राहायचं नाही, वगैरे. हिचा गूढविद्येचा अभ्यास चालू होता, त्या मंडळांशी संबंध होते, ती म्हणाली ते मी सोडणार नाही. झालं, संपला विषय.

आता गंमत बघा. ज्यांच्या नावानं ही सगळी दुकानं चालू होती त्या आंद्रे ब्रेताँनी, म्हणजे सर्रियलिझमच्या संस्थापकांनी, दुसऱ्या जाहीरनाम्यातच सर्रियलिझमनं गूढाकडे खोलवर वळावं अशी मागणी केलेली होती. आणि हिला हाकललं त्याच सुमारास, 1940-41 ला, हे ब्रेताँ आणि कंपनी फ्रान्समधल्या मार्सेलला अमेरिकेच्या व्हिसाची वाट बघत बसून टाइमपास म्हणून नवीन पत्ते डिझाइन करत होते, राजा राणी काढून त्याजागी जीनियस, सायरन (समुद्रातली मोहिनी) आणि मॅजस. मॅजस म्हणजे मांत्रिकच की. पुरुषांनी घोळक्यात बसून केलं की प्रयोग आणि बाईनं एकटीनं मनापासून केलं की शिस्तभंग, हे मला कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं, तुम्हाला?

इथे माझंही सांगून टाकते. माझा टॅरोवर, म्हणजे भविष्य सांगायच्या त्या पत्त्यांवर, विश्वास नाही, कुंडलीवर नाही, शाळेत अंनिसचा चमत्कारांमागचं विज्ञानवाला कार्यक्रम बघितलेली मुलगी आहे मी, जिभेवर कापूर जाळलेला आहे. त्यामुळे ही बाई आवडायला लागली तेव्हा जरा लाजच वाटली. पण तिचं जसजसं बघत गेले तसं लक्षात आलं की हिच्यासाठी गूढविद्या म्हणजे चक्क अभ्यासक्रम होता. वह्या, तक्ते, रंगांचे कोष्टक. 'गोल्डन डॉन' नावाची गूढविद्येची संस्था होती लंडनमध्ये, 1888 ची, त्यांच्याकडे ध्यानासाठी कार्ड असायची, पिवळा चौकोन, रुपेरी चंद्रकोर, लाल त्रिकोण, निळं वर्तुळ, काळपट अंडाकृती. ओळखीचं वाटतंय? पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश! नावंसुद्धा तीच ठेवलेली, 'तत्त्व' म्हणूनच. आपली पंचमहाभूतं थिऑसॉफीवाल्यांच्या (पूर्वेकडच्या धर्मविचारांत रस असणाऱ्या गूढवाद्यांच्या) पुस्तकांतून तिकडे पोचली आणि तिथे साहेब लोक त्यावर डोळे रोखून बसले. हिनं या संस्थेच्या पुढच्या एका शाखेत तरुणपणी अर्ज केला होता, तो नाकारला. आणि 1975 ला त्या सगळ्या परंपरेवर जाडजूड पुस्तक कुणी लिहिलं? हिनंच.

खरी मजा तिच्या पद्धतींत आहे. रंग लावायचा, कागद दाबायचा, उचलायचा, जो डाग उमटेल त्याच्याकडे बघत बसायचं, त्यात काय दिसतं ते ब्रशनं पुढे न्यायचं. (आपण शाळेत कागदाची घडी घालून फुलपाखरू करायचो तेच, फक्त आपण फुलपाखरावर थांबलो.) 1949 ला तिनं यावर लेख लिहिला, त्याचं नाव मराठीत करायचं तर 'शकुनाचा डाग'. आणि एक पद्धत तिची स्वतःची, पार्समाज. पाण्यावर कोळशाची किंवा खडूची पूड भुरभुरायची आणि कागद पृष्ठभागाच्या किंचित खालून ओढून घ्यायचा.

हे वाचल्यावर मला कुठलं राहवतंय. परात घेतली, कोळसा खलबत्त्यात कुटला, चहाच्या गाळणीनं पाण्यावर चाळला. आई आली, "काय करून राहिली वं? पाण्यावरची रांगोळी? दिवाळीले टाइम हाय अजून." आणि मी थबकलेच, कारण खरंच, आई दर दिवाळीला याच परातीत पाण्यावर कोळशाची पूड चाळून त्यावर रांगोळी काढायची! फरक एवढाच की आईला पूड हलायला नको असायची, परातीजवळून आम्हाला पळूसुद्धा द्यायची नाही, आणि कहून बाईंना ती हलायलाच हवी होती. माझे पहिले तीन कागद नुसते भिजून लोळागोळा. चौथ्यावर मात्र एक काळी रेघ आली, एका बाजूला दाट, दुसरीकडे विरत गेलेली, मधे पाण्याचे बुडबुडे फुटले तिथे पांढरे डोळे. मी काही 'काढलं' नव्हतं, पण कागद किती झपकन ओढायचा हे चौथ्या वेळेस हाताला कळलं होतं. तीन वाया घालवल्याशिवाय ते कळत नाही, मग तुम्ही त्याला आत्म्याचा संदेश म्हणा नाहीतर सराव म्हणा.

सगळंच आवडलं असं अजिबात नाही. तिच्या काही आकृत्या मला इंजिनीअरिंग ड्रॉइंगइतक्या कोरड्या वाटतात. आणि नंतर नंतर बाईंनी इतक्या मंडळांच्या मेंबरशिपा घेतल्या, ड्रुइड (जुन्या निसर्गपूजक पंथाचे नवे अनुयायी) काय, स्त्री-पुरुष एकत्र असणारे फ्रीमेसन (गुप्त विधी करणारी संघटना) काय, की आपल्याकडच्या सोसायटीतल्या त्या काकू आठवतात ज्या भिशीपासून भजनी मंडळापर्यंत सगळीकडे असतात.

पण मग 1977 चा टॅरो बघितला की मी गप्प बसते. नेहमीच्या टॅरोत माणसं असतात ना, राजा, मूर्ख, उलटा टांगलेला इसम, ती प्रसिद्ध 1909 ची चित्रंही एका बाईचीच, पामेला कोलमन स्मिथ. कहूनच्या 78 पत्त्यांत एकही माणूस नाही. इनॅमल पेंट ओतलेला, नुसते रंग एकमेकांत घुसलेले. वय 70 आणि बाईंनी पत्त्यातून गोष्टच काढून टाकली. भविष्य सांगायला अगदी निरुपयोगी असणार, मला तर वाटतं म्हणूनच भारी आहे.

तोवर ती कॉर्नवॉलला राहत होती, इंग्लंडच्या पार नैऋत्य टोकाला. 1949 पासून लामोर्नाच्या दरीत एका झोपडीवजा जागेत स्टुडिओ, पुढे जवळच पॉल गावात घर. तिथे जवळच 19 दगडांचं एक रिंगण आहे, दंतकथा अशी की रविवारी नाचल्या म्हणून मुलींचे दगड झाले. नाचल्या म्हणून! तिनं 1957 च्या पुस्तकात त्या भागाबद्दल लिहिलं, पुस्तकाचं नावच 'जिवंत दगड'. शिवेवरच्या शेंदूर फासलेल्या दगडाला जाताजाता हात जोडणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

1988 ला गेली. स्टुडिओतली चित्रं नॅशनल ट्रस्टला, म्हणजे तिकडच्या वारसा जपणाऱ्या संस्थेला, दिलेली, मग 2019 मध्ये कागदपत्रं आणि रेखाटनं मिळून 5 हजारांहून जास्त वस्तू टेटकडे आल्या, आणि 2025 मध्ये मोठं प्रदर्शन झालं. आता रील्सवर तीच 'विच आर्टिस्ट' म्हणून फिरतेय, मागे घुबडाचा आवाज लावून. तेव्हा गूढविद्येमुळे काढलं आणि आता गूढविद्येमुळेच विकतायत. ते खडक बघायला पाच मिनिटं थांबा की जरा.

बाय द वे, चौथा कागद दोरीवर चिमट्यानं वाळत घातला होता. आईनं चष्मा लावून जवळून पाहिला. म्हणे, चिखलदऱ्याचं धुकं वाटते. मग विचारलं, "कोण होती वं ते बाई? नाव काय तिचं?"

म्हटलं, "कहून."

"काहून काय काहून? नाव इचारू नाही का मी?"