अर्धवट उतरलेली फाइल फेकून देऊ नका!

डाउनलोड जिथे तुटलं तिथून पुढे चालू करायचं. मागणी एवढीच आहे. आणि निक्ससारखं हुशार पॅकेज मॅनेजर, म्हणजे लिनक्सवर सॉफ्टवेअर उतरवून बसवणारं साधन, एवढंसुद्धा धड करत नाही, याचा मला भयंकर संताप येतो.

निक्सची मूळ कल्पना मला मनापासून पटलेली आहे. एल्को डॉल्स्ट्राने 2003 च्या सुमारास ते सुरू केलं. पॅकेज कोणत्या सोर्सपासून (मूळ कोडपासून), कोणत्या कंपायलरने, कोणत्या लायब्ररींवर बांधलं, या सगळ्याचा मिळून एक हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा आकडा, निघतो आणि तो पॅकेजच्या पत्त्यातच असतो. हायड्रा ही बिल्ड व्यवस्था पॅकेजेस आधीच बांधून ठेवते. आपण फक्त बायनरी कॅशेवरून, म्हणजे बांधलेली पॅकेजेस ठेवलेल्या सर्व्हरवरून, तयार माल उतरवून घ्यायचा. पुण्यात फायबरवर बसलेल्या माणसाला यात काही खटकणारच नाही.

आता आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात या. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, दुपारी लाईट जाते. संध्याकाळी वावधन (वादळी वारं) सुटलं की केळी आडवी होते आणि तिच्यासोबत विजेचे खांबही. दीपनगरचं औष्णिक केंद्र इथून जवळच, भुसावळला. वीज तयार होते आमच्या जिल्ह्यात आणि अंधारात बसायचं आम्हीच! रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवस काढायचा, रोजचा दीड जीबी जपून जपून.

अशात सिस्टिम अपडेट लावायचं. छोटी पॅकेजेस पटापट येतात, आलेली टिकतातही, त्याबद्दल तक्रार नाही. मग येतं लिनक्स-फर्मवेअर, वायफाय-ग्राफिक्ससारख्या हार्डवेअरला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा. एकच पॅकेज, कित्येकशे एमबीचं. ते जवळजवळ पूर्ण उतरलेलं असतं आणि लाईट जाते. राऊटर बंद, बॅटरी मेलेला लॅपटॉपही बंद. लाईट आल्यावर तीच कमांड पुन्हा द्यावी, तर ते पॅकेज शून्यापासून! आधीचे शेकडो एमबी गेले, त्या दिवसाचा डेटाही गेला. घरातून विचारणा होते, "आजून व्हयनं नही का रे भो?" काय उत्तर देऊ?

असं का होतं हे मी नीट शोधून पाहिलंय. निक्स दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) फाइल डिस्कवर उतरवून ठेवतच नाही. डेटा येतो तसा तो उलगडून थेट स्टोअरमध्ये, म्हणजे निक्सच्या पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये, लिहिला जातो. मध्येच प्रक्रिया मेली की तो अर्धा लिहिलेला भाग अवैध ठरतो आणि पुढच्या वेळी टाकून दिला जातो. कमांड चालू असताना रेंज गेली तर ते पुन्हा प्रयत्न करतं, मुळात पाच वेळा, पण कमांडच मेल्यावर त्या पाचांचा उपयोग काय? रावेरहून दिल्लीला निघालेला केळीचा ट्रक मथुरेजवळ पंक्चर झाला, तर सगळी केळी रस्त्यावर ओतून गाडी परत रावेरला आणून कोणी नव्याने भरतं का?

आणि हे अवघड आहे असं मला कोणी सांगू नये. फाइलचा मधला तुकडा मागण्याची सोय वेबच्या एचटीटीपी 1.1 या नियमावलीत 1997 पासून आहे. डेबियन लिनक्सचं पॅकेज मॅनेजर एपीटी अर्धवट फाइल 'पार्शल' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच पुढे उचलतं. निक्सकडे तर याहून जास्त माहिती आहे. प्रत्येक पॅकेजसोबत कॅशेवर नारइन्फो नावाची छोटी माहितीची फाइल असते, तिच्यात दाबलेलं डाउनलोड किती बाइटचं आणि त्याचा हॅश काय, हे आधीच लिहिलेलं असतं. तुकडे जोडून फाइल बरोबर झाली की नाही हे तपासायला याहून काय लागतं? जास्त चीड याची येते की कॅशेवर एखादं पॅकेज आहे, हे उत्तर निक्स तीस दिवस लक्षात ठेवतं. 'नाही' हे उत्तर एक तास. पण मी माझ्या पैशाने उतरवलेले तीनशे एमबी मात्र लक्षात ठेवायचे नाहीत!

त्यात ग्लिबसीसारख्या पायाच्या लायब्ररीत बारीकसा बदल झाला की तिच्यावर उभ्या सगळ्यांचे हॅश बदलतात. आत फारसं काही बदललेलं नसतं, तरी अख्खी सिस्टिम पुन्हा उतरवायची. फक्त फरक उतरवायची सोय नाही. मजकुरावरून पत्ता ठरवण्याची जी पद्धत याला थोडाफार आवर घालेल, ती वर्षानुवर्षं 'प्रायोगिक' म्हणून पडून आहे.

सल्ले मात्र भरपूर मिळतात. फॉलबॅक चालू कर म्हणे. म्हणजे कॅशे पोचत नसली की सोर्सवरून बांधकाम सुरू. क्रोमियमसारखा अवाढव्य ब्राउझर बांधायचा? या उन्हात, इन्व्हर्टरवर, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर? दुसरा सल्ला, चांगलं नेट घे. अरे, गावात जे मिळतं तेच घेतलंय ना! हे बोलणाऱ्याने एक उन्हाळा इथे काढून दाखवावा.

सध्या पुण्याचा मावसभाऊ गावी येताना पेनड्राइव्हवर पॅकेजेस घेऊन येतो. निक्सच्या कॉपी कमांडने पेनड्राइव्हवरच छोटी कॅशे बनवायची, इकडे लावायची. कॅशेची डिजिटल सही नारइन्फोसोबतच येते, त्यामुळे माल पेनड्राइव्हवरून आला तरी खात्रीचा. हे काम उत्तम होतं. म्हणजे बघा, एसटीने पुण्याहून आलेली फाइल चालते आणि काल माझ्याच डिस्कवर आलेली अर्धी फाइल चालत नाही.

जे हे सॉफ्टवेअर लिहितात त्यांनी दाबलेली फाइल आधी डिस्कवर उतरवावी, तुटली तर उरलेला तुकडा मागावा, शेवटी हॅश तपासावा आणि मगच उलगडावी. ज्यांना डिस्कची जागा वाचवायची आहे त्यांच्यासाठी हा पर्याय बंद ठेवा, पण आम्हाला तो द्या. ही दुरुस्ती तपासायला मशीन माझं घ्या. तुटणारं नेट इथे रोज मिळेल.