‘भाषेचा कोड चुकला तरी चालतं’ म्हणे!

वेब डिझाइन शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक फॉरवर्ड फिरतोय: ‘लँग ॲट्रिब्यूटमध्ये कोड चुकला तरी काही बिघडत नाही, ब्राउझर दुर्लक्ष करतो. मराठीला एमएच, एमएआर, आयएन काहीही चालतं. गूगल ते बघतच नाही. अडलंच तर हिंदीचा एचआय टाका, लिपी एकच आहे.’ (लँग ॲट्रिब्यूट म्हणजे मजकूर कुठल्या भाषेत आहे ते सांगणारी, पानाच्या कोडमधली खूण.) माझी भाची एका वाचनालयाचं संकेतस्थळ करतेय. तिच्या पानावर एमएच कसा, असं विचारलं तर तिने उत्तर म्हणून हाच मजकूर पाठवला.

ब्राउझर दुर्लक्ष करत नाही. वेबपानं ज्यात लिहितात त्या एचटीएमएलच्या मानकात स्वच्छ लिहिलंय: कोड ओळखीचा नसेल तर ती इतर सगळ्या भाषांहून वेगळी, अज्ञात भाषा धरायची आणि कोड जसाच्या तसा पुढे द्यायचा. तिथे उदाहरणच ‘एक्सवायझेडझेडवाय’ या बनावट कोडचं आहे. तो चूक आहे हे कळत असूनही ब्राउझरने स्क्रीन रीडरला (पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तोच सांगायचा, न जाणो त्याला ती भाषा येत असेल! त्यामुळे परिच्छेदावर चुकीचा कोड घातलात, तर पानाच्या सुरुवातीचा बरोबर कोड तिथे मदतीला येत नाही.

हे झालं अवैध कोडचं. पण एमएच अवैधही नाही, तो पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांच्या मार्शलीज भाषेचा कोड आहे. गाडीच्या नंबर प्लेटवरचं एमएच इथे कोणी विचारत नाही. आयएन तर इंडोनेशियनचा जुना कोड, आता त्याजागी आयडी आहे. असा वैध पण भलत्याच भाषेचा कोड अवैध कोडपेक्षा वाईट, कारण ‘ही भाषा नोंदीतच नाही’ अशी हरकतही कुठलं साधन घेणार नाही. एमएआर मात्र आयएसओच्या तीन अक्षरी यादीत मराठीचाच आहे, हे मान्य. पण वेबवर चालतो बीसीपी ४७, म्हणजे भाषांचे कोड कसे लिहायचे याचं मानक, आणि त्याचा नियम असा की दोन अक्षरी कोड असेल तर तोच वापरायचा. म्हणून एमआर, बस्स.

गूगलचं म्हणणं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. पानाची भाषा ते दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं, लँगवरून नाही. पण पान काय एकटं गूगलच वाचतं?

आता तो ‘लिपी एकच’चा सल्ला. सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं, आणि नेमका तोच सगळ्यांना पटतो. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर या कोडवरून आवाज आणि उच्चाराचे नियम निवडतो. एचआय दिसलं की मराठी मजकूर हिंदीच्या नियमांनी वाचला जाणार. मग ‘चमचा’, ‘जर’, ‘झाड’ यांतले दंततालव्य उच्चार गेले. ‘पुस्तकं’, ‘घरं’, ‘माझं’ यांतला शेवटचा अनुस्वार आपण नाकात नेत नाही, ‘अ’ लांबवतो, हे हिंदीच्या आवाजाला कुठून कळणार? वाचनालयाच्या पानावर ‘नवी पुस्तकं’ हे शब्द किती वेळा येतील, विचार करा. डोळसांचंही नुकसान आहेच. देवनागरीच्या काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, आणि ते भाषेचा कोड बघूनच समोर येतात. एचआय लिहिलंत की हिंदी वळणाची अक्षरं मिळतात, मग लोक फॉन्टला दोष देतात. वेबच्या सुगम्यतेच्या निकषांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, पानाची भाषा यंत्राला कळेल अशी नोंदवणं अगदी पहिल्या, ‘ए’ पातळीवर ठेवलंय, ते उगाच नाही.

एमआर आणि आयएन (इथे मात्र भारत या देशाचा कोड) यांच्यामध्ये अंडरस्कोअर घालणाऱ्यांनीही ऐकावं: इथे जोडरेघ लागते. अंडरस्कोअरने ते सगळं मिळून एकच अनोळखी नाव होतं आणि मराठीसाठी लिहिलेले सीएसएसचे, म्हणजे पानाच्या दिसण्याचे, नियमही लागू होत नाहीत. देशाचा भाग बहुतेक वेळा लागतच नाही, नुसतं एमआर पुरतं. गोव्यातल्या मित्रांनो, कोंकणीला केओके लिहा. नुसतं केओ लिहिलंत तर पान कोरियन होतं.