ज्ञानरचना करा, पण माइक बंद ठेवा

शिक्षकहो, मूल स्वतःच्या अनुभवांतून स्वतःचे ज्ञान रचते, हे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आल्यापासून आपण प्रत्येक प्रशिक्षणात चहाबिस्किटांसह ऐकत आलो आहोत, आणि मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांत फरशीवर रंगाने तक्ते आखून, चिंचोके आणि काड्यांचे गठ्ठे मांडून आपल्यापैकी काहींनी ते खरे होतानाही पाहिले आहे. आता हेच ऑनलाइन करायचे आहे. घाबरू नका, चिंचोके मोबाइलमधून जात नाहीत, त्यामुळे निम्मे काम आधीच वाचले.

तास सुरू होताच सर्वांचे माइक बंद करा. शिकणे आधी माणसामाणसांत घडते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की सांगून गेला हे खरे. परंतु १९३४ मध्ये वारलेल्या त्या गृहस्थाने चाळीस घरांतला मिक्सर, शेळी आणि टीव्हीवरची मालिका एकाच वेळी कधी ऐकली नव्हती. मुलाला एकट्याने जे जमते आणि मदतीने जे जमू शकते, त्यांमधल्या पट्ट्याला तो समीपस्थ विकासाचे क्षेत्र म्हणे. आपल्याकडे त्याआधी रेंजचे क्षेत्र शोधावे लागते आणि ते बहुधा मारुतीच्या पारावर असते. शिवाय मदत करायची, तर पाटीवर मुलाचा हात नेमका कुठे अडला हे दिसले पाहिजे. इथे चौकोनात मुलाऐवजी बापाच्या मोटारसायकलचा फोटो दिसतो. दिवाळीच्या सुमारास बीडकडचा बाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघाला, की तो चौकोनही त्याच्याबरोबर जातो.

पूर्वज्ञान तर मुळीच विचारू नका. माझ्याकडून ही चूक एकदा झाली. पाचवीला वजनमापे शिकवताना मी उत्साहाने माइक उघडायला सांगितले, तर एक मुलगा म्हणाला, “सर, अडत्यानं आमच्या सोयाबीनला क्विंटलमागं दोन किलो कडता कापला, मग क्विंटल शंभर किलोचा कसा?” लगेच दुसऱ्याने घरातली अडतीची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, शोधून आकडे वाचले, तिसरा बारा क्विंटलांवर किती किलो गेले ते काढू लागला, आणि मागून कुणाचे तरी आजोबा त्याचा गुणाकार दुरुस्त करू लागले. मनातला समतोल ढळला, की मूल नवी मांडणी करू लागते, असे बालमानसशास्त्रज्ञ पियाजे म्हणाला असता. मी मात्र अठ्ठावीस स्लाइड राहिल्या होत्या, म्हणून “विषयाला धरून बोला” असे सांगून सर्वांचा आवाज बंद केला.

ज्ञानरचना झाल्याचा पुरावा चार पर्यायांच्या फॉर्ममधून मिळतो. ‘एक क्विंटल म्हणजे किती किलो?’ या प्रश्नाला त्या मुलाने अठ्ठ्याण्णव हा पर्याय निवडला आणि फॉर्मने त्याला तत्काळ शून्य गुण दिले. केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर पाठवायचा स्क्रीनशॉट मी सुदैवाने त्याआधीच काढून ठेवला होता.